एआरटी चालू असताना हाडं कशी जपायची: कोल्हापूर परिसरातल्या नव्या मंडळींसाठी

एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची रोजची औषधं, सुरू झाली की पहिलं वर्ष सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) आणि व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) यांच्या विचारात जातं, आणि ते बरोबरच आहे. हाडांचा विषय मात्र मागे पडतो, कारण हाड झिजताना दुखत नाही. मनगट किंवा खुबा मोडतो, पाठीचा मणका दबतो, तेव्हाच ते कळतं. आज वेळेवर गोळ्या घेणारा माणूस साठी-सत्तरी सहज गाठतो. त्या वयात स्वतःच्या पायांवर चालता यावं यासाठीची तयारी आत्ताच करायची आहे. हा लेख नुकतंच औषध सुरू झालेल्यांसाठी आहे, तसाच त्यांच्या घरच्यांसाठीही.

हाडं का झिजतात

हाड आयुष्यभर एका बाजूने झिजतं आणि दुसऱ्या बाजूने भरत राहतं. तिशीपर्यंत भरणं जास्त, पुढे हळूहळू झिजणं जास्त. एचआयव्हीमुळे शरीरात सतत दाह राहतो आणि त्यामुळे झिज वाढते. उपचार न घेतलेल्या माणसाचीही हाडं याच कारणाने पातळ होतात. एआरटी सुरू केल्यावर पहिल्या वर्ष-दोन वर्षांत हाडांची घनता २ ते ६ टक्क्यांनी खाली येते आणि मग बहुतेकांत स्थिरावते. औषध कोणतंही असलं तरी थोडी घट होतेच. टेनोफोविर असेल तर ती जरा जास्त होते.

सध्या सरकारी सेंटरवर बहुतेकांना टीएलडी मिळते: टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्ह्युडिन ३०० आणि डोल्युटेग्रॅविर ५०, तिन्ही एकाच गोळीत. यातलं टेनोफोविर किडनीतून बाहेर पडतं. काही जणांत ते किडनीच्या बारीक नळ्यांना त्रास देतं, मग लघवीतून फॉस्फेट वाहून जातं आणि हाड मऊ पडतं. असं फार थोड्यांना होतं. पण झालं तर लवकर ओळखता येतं आणि औषध बदलून थांबवता येतं, म्हणून त्यावर लक्ष ठेवायचं.

हे वाचून टेनोफोविर वाईट, गोळी बंद करावी, असा अर्थ कृपा करून काढू नका. गोळी बंद केली की विषाणू पुन्हा वाढतो, दाह वाढतो आणि हाडांचंही नुकसानच होतं. ज्यांना सोबत हिपॅटायटिस बी आहे त्यांच्यात टेनोफोविर अचानक थांबवल्यास कावीळ उसळून यकृत निकामी होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. हाडांसाठी जे काही करायचं ते गोळी चालू ठेवूनच. बदलायची असेल तर ती एआरटी सेंटरचे डॉक्टर बदलतील. अबॅकाविरसारखे पर्याय त्यांच्याकडे असतात.

पायरी १: आपली जोखीम लिहून काढा

एक कोरा कागद घ्या आणि खालच्यापैकी जे लागू आहे ते लिहा. पुढच्या भेटीत तो कागद डॉक्टरांसमोर ठेवा. तोंडी सांगताना निम्मं राहून जातं.

वय ५० च्या पुढे आहे का. बाईची पाळी गेली आहे का. ऑपरेशन करून पिशवी काढली असेल तर कितव्या वर्षी, आणि त्यासोबत अंडाशयही काढले का, हे डिस्चार्ज कार्डवर बघून लिहा. तिशी-पस्तिशीत अंडाशय काढलेल्या बाईची हाडं पाळी गेलेल्या पन्नाशीच्या बाईसारखी झिजू लागतात आणि हे बहुतेक वेळा कुणी विचारतच नाही. साध्या पडण्यातून, म्हणजे उभ्या उंचीवरून पडून, पूर्वी हाड मोडलं आहे का. आई-वडिलांपैकी कुणाचा खुबा मोडला होता का. वजन उंचीच्या मानाने फार कमी आहे का. सीडी४ कधी २०० च्या खाली गेला होता का. प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड तीन महिन्यांपेक्षा जास्त घेतलं आहे का. फिट्सची गोळी, टीबीचं रिफाम्पिसिन, गर्भनिरोधासाठी दर तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन चालू आहे का. थायरॉइड, मधुमेह, किडनीचा आजार आहे का. तंबाखू आणि दारूचंही खरंखरं लिहा.

तंबाखूत मिश्री धरायची. आपल्याकडे मिश्री लावणाऱ्या बायका ‘मी तंबाखू खात नाही’ असं अगदी मनापासून सांगतात, पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. निकोटीन हिरड्यांतून रक्तात जातं आणि हाड भरण्याचं काम मंदावतं. अचानक सुटत नसेल तर दिवसातल्या वेळा कमी करत या आणि समुपदेशकाला सांगा.

त्याच कागदावर उंची लिहा. अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून उभे राहा, डोक्यावर वही आडवी धरून भिंतीवर खूण करा आणि टेपने मोजा. दरवर्षी एकदा असं करा. तरुणपणीच्या उंचीपेक्षा ४ सेंटिमीटर, किंवा वर्ष-दोन वर्षांत २ सेंटिमीटर कमी भरली, तर पाठ दुखत नसली तरी मणक्याचा एक्स-रे काढायला सांगा. दबलेले कितीतरी मणके न दुखता दबतात.

पायरी २: क्रिएटिनिनचा आकडा नुसता वाचू नका

किडनीचं काम कसं चाललंय हे कळायला सेंटरवर ठरावीक काळाने रक्तातलं क्रिएटिनिन तपासतात. रिपोर्टवर ‘१.०’ दिसलं आणि शेजारी नॉर्मलची मर्यादा १.२ दिसली की माणूस निश्चिंत होतो. पण बारीक, वयस्क बाईचं १.० आणि दणकट जवानाचं १.० यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून डॉक्टर एक हिशेब करतात. तो तुम्हालाही करता येईल:

१४० मधून वय वजा करा. आलेल्या आकड्याला वजनाने (किलोत) गुणा. ७२ ला क्रिएटिनिनने गुणून जे येईल त्याने भागा. बाई असेल तर उत्तराला ०.८५ ने गुणा.

५० वर्षांची, ४५ किलोची बाई, क्रिएटिनिन १.०. ९० गुणिले ४५ म्हणजे ४०५०, भागिले ७२ म्हणजे सव्वाछप्पन, गुणिले ०.८५ म्हणजे सुमारे ४८. ३५ वर्षांचा, ७० किलोचा पुरुष, क्रिएटिनिन तेवढंच १.०. त्याचं उत्तर १०२ येतं. उत्तर ५० च्या खाली आलं तर टेनोफोविर चालू ठेवायचं का, याचा डॉक्टरांना फेरविचार करावा लागतो. म्हणजे रिपोर्टवर नॉर्मल दिसणाऱ्या आकड्याने त्या बाईचं औषध बदलू शकतं. तेव्हा प्रत्येक भेटीत आपलं वजन मोजून घ्या, नाहीतर हिशेब जुन्याच वजनावर होतो.

टीएलडी सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात क्रिएटिनिन ०.१ ते ०.१५ ने वाढलेलं दिसू शकतं. डोल्युटेग्रॅविरमुळे क्रिएटिनिन लघवीत जरा कमी सोडलं जातं, त्यात किडनीचं नुकसान नसतं. आकडा त्यानंतर तिथेच थांबला पाहिजे. महिन्यागणिक चढत असेल तर ते वेगळं प्रकरण.

सोबत लघवीची साधी तपासणी करून घ्या. त्यात प्रोटीन दिसलं, किंवा रक्तातली साखर ठीक असताना लघवीत साखर दिसली, तर बारीक नळ्यांना त्रास होत असल्याची ती खूण असू शकते. मग रक्तातलं फॉस्फेट आणि अल्कलाइन फॉस्फेटेज बघावं लागतं. मांड्या-खुब्यांत खोल दुखणं, जिने चढताना किंवा जमिनीवरून उठताना जोर न लागणं, ही मऊ पडलेल्या हाडांची लक्षणं. ‘अशक्तपणा आहे’ म्हणून नुसतं टॉनिक घेत बसू नका.

पायरी ३: कॅल्शियम ताटातून

मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, पाळी गेलेल्या बाईला १२००. कोल्हापुरात राहून हे ताटातून मिळवणं अवघड नाही.

२०० मिली दुधातून साधारण २४० मिलिग्रॅम मिळतं. दोन पेले झाले की ४८०. वाटीभर दही घेतलं की आणखी दोनशेच्या आसपास. नाचणी याबाबतीत सगळ्या धान्यांच्या पुढे आहे. १०० ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या जवळपास कॅल्शियम असतं, म्हणजे मध्यम दोन भाकऱ्या. राधानगरी, गगनबावडा, आजरा, चंदगड भागात ती घरोघरी आहेच, शहरातही बाजारात मिळते. मोड आणून, वाळवून दळली तर त्यातलं कॅल्शियम अंगाला जास्त लागतं. आंबिलीसाठी पीठ रात्री ताकात भिजवायचं, त्याचाही तोच फायदा. दोन पेले दूध, वाटीभर दही आणि नाचणीच्या दोन भाकऱ्या एवढ्यात हजार पार होतात आणि गोळीची गरज उरत नाही.

दूध पचत नसेल तर आधी दही-ताक घेऊन बघा. बहुतेकांना ते चालतं. शेवग्याचा पाला चांगला. पालकात कॅल्शियम असतं, पण ऑक्झॅलेट ते धरून ठेवतं, त्यामुळे पालकावर भिस्त नको. तीळ चमचाभर रोज भाजून चटणीत घाला, पण न सोललेले घ्या, पांढऱ्या सोललेल्या तिळातलं बरंचसं कॅल्शियम सालाबरोबर गेलेलं असतं. सुकट आणि बारीक सुकी मासळी काट्यासकट खाल्ली तर उत्तम, मात्र आधी धुऊन मीठ काढा. जास्त मीठ पोटात गेलं की लघवीतून कॅल्शियमही जास्त जातं.

हाडाला हाड म्हणून पायाचं सूप प्यायचं, ही समजूत घराघरात आहे. चवीला प्या, प्रोटीनसाठीही थोडं उपयोगी आहे. पण हाडातलं कॅल्शियम पाण्यात फार थोडं उतरतं. पेलाभर सुपाने पेलाभर दुधाचं काम होत नाही.

आता कट्ट्यावरच्या धारोष्ण दुधाबद्दल. गंगावेशेत म्हशीचं दूध समोर काढून तिथल्या तिथे पिण्याची इथली जुनी रीत आहे आणि त्यात अनेकांचा जीव अडकलेला आहे. तरीही प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाने कच्चं दूध पिऊ नये. त्यातून ब्रुसेलोसिस आणि जनावरांचा टीबी होऊ शकतो, आणि हे दोन्ही आजार पाठीच्या मणक्यातही घर करू शकतात. दूध तेच आणा, घरी उकळी येऊ द्या, मग प्या. उकळल्याने कॅल्शियम कमी होत नाही.

हाडाचा सांगाडा प्रोटीनचा असतो, त्यात कॅल्शियम भरलं जातं. किलोमागे एक ग्रॅम प्रोटीन धरा, म्हणजे ५० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. एक अंडं ६ ग्रॅम देतं, मूठभर शेंगदाणे साधारण तेवढंच, घट्ट डाळीची वाटी ६-७ ग्रॅम. आमटी नुसती पातळ पाणीदार असेल तर तिचा हिशेब धरू नका. आठवड्यातून एकदा मटण खाऊन बाकी सहा दिवस भात-रस्सा, असं असेल तर प्रोटीन कमीच पडतं.

पायरी ४: कॅल्शियमची गोळी लागलीच तर वेळ सांभाळा

या लेखातली सगळ्यात जास्त चुका होणारी जागा हीच आहे, म्हणून इथे जरा थांबू.

डोल्युटेग्रॅविर पोटात कॅल्शियम, लोह, जस्त, मॅग्नेशियम यांना चिकटून बसतं आणि मग रक्तात पुरेसं उतरत नाही. रोज असं होत राहिलं तर औषध अपुरं पडून विषाणू डोकं वर काढू शकतो. नियम असा: उपाशीपोटी घेताना टीएलडी आधी घेतली असेल तर तिच्यानंतर किमान २ तासांनी कॅल्शियम. कॅल्शियम आधी घेतलं असेल तर त्यानंतर किमान ६ तासांनी टीएलडी. दोन्ही बाजूंना ‘दोन तास’ समजून लोक चुकतात. आठ वाजता जेवणासोबत कॅल्शियम आणि दहाला झोपताना टीएलडी, ही अगदी नेहमीची चूक.

एक सोपी सवलत आहे. पोटभर जेवणाबरोबर टीएलडी आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी एकदम घेतली तरी चालतं. चहा-बिस्किट म्हणजे जेवण नव्हे.

आमची शिफारस साधी: टीएलडी रात्री ९ वाजता, कॅल्शियम सकाळच्या न्याहारीनंतर किंवा दुपारी एकच्या जेवणानंतर. दोन्हीकडे सहा तासांहून जास्त अंतर राहतं. मोबाइलमध्ये दोन वेगळे गजर लावा.

पित्तावरची पातळ औषधं आणि चघळायच्या गोळ्या यांत मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम असतं. त्यांना जेवणाची सवलत लागू नाही. तिथे २ तास आधी, ६ तास नंतर हाच नियम पाळायचा. झणझणीत मिसळ खाऊन जळजळ झाली आणि झोपताना पित्ताचं औषध आणि टीएलडी पाठोपाठ घेतली, तर त्या रात्रीचा डोस बराचसा वाया जातो. मल्टिव्हिटॅमिनच्या पाकिटावरही बारीक अक्षरात लोह-जस्त लिहिलेलं असतं, ते वाचा.

गरोदर बाईला सरकारी दवाखान्यातून लोह आणि कॅल्शियम दोन्ही मिळतं. ती आधीच एकमेकांपासून वेगळ्या वेळी घ्यायची असतात, त्यात टीएलडीची भर पडते. लोह आणि कॅल्शियम सकाळ-दुपारमध्ये वाटून टाका आणि टीएलडी रात्रीच्या भरपेट जेवणासोबत ठेवा. आशाताईला सगळं सांगायची गरज नाही, पण प्रसूतीच्या डॉक्टरांना एआरटी माहीत असलीच पाहिजे.

गोळी विकत घेताना वेष्टनावर ‘कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम’ लिहिलेलं असेल तर त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम असतं. एका वेळी यापेक्षा जास्त घेऊन उपयोग नाही, आतडं ते शोषत नाही. कार्बोनेट जेवणानंतर घ्यायचं. ताटातून ७०० मिळत असतील तर एकच गोळी पुरे. मुतखड्याचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय सुरू करू नका.

पायरी ५: ड जीवनसत्त्व

सकाळी सहा-सातला रंकाळ्यावर फेरी मारणारे खूप आहेत. फेरी चांगलीच, पण त्या कोवळ्या उन्हात ड जीवनसत्त्व जवळजवळ तयार होत नाही. ओळखायची खूण म्हणजे आपली सावली. सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल तर ते ऊन या कामाचं नाही. आखूड असेल तेव्हा, साधारण दहा ते तीनच्या दरम्यान, हात कोपरापर्यंत, पाय गुडघ्यापर्यंत उघडे ठेवून २० ते ३० मिनिटं, आठवड्यातून तीन-चार दिवस. सावळ्या रंगाला वेळ जास्त लागतो. काचेतून आलेलं ऊन चालत नाही. शेतात राबणाऱ्याला हे आपोआप मिळतं. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पाळीवर जाणारे, इचलकरंजीत मागावर उभे राहणारे, हुपरीत चांदीचं काम करणारे यांना दिवसचे दिवस ऊन लागत नाही. शिवाय जून ते सप्टेंबर आपल्याकडे आभाळ उघडतच नाही.

रक्तात २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी तपासतात. २० नॅनोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता. टीबीसाठी रिफाम्पिसिन किंवा जुन्या पद्धतीतलं इफाव्हिरेन्झ घेणाऱ्यांत ती जास्त आढळते. कमतरता असेल तर नेहमीचा उपचार ६०,००० युनिट आठवड्यातून एकदा, ८ आठवडे, मग डॉक्टर सांगतील तसं महिन्यातून एकदा. पुडी किंवा कॅप्सूल दुधासोबत किंवा तूप-तेल असलेल्या जेवणानंतर घ्या, कारण ते स्निग्धात विरघळतं. वार ठरवा आणि कॅलेंडरवर खूण करा. ही पुडी रोज घेतली गेल्याने माणसं दवाखान्यात दाखल होतात: सतत तहान, उलट्या, बद्धकोष्ठ, गोंधळल्यासारखं होणं आणि किडनीवर घाला. एकदम सहा लाख युनिटचं इंजेक्शन टोचून मोकळं व्हायचं, हेही टाळा.

पायरी ६: हाडावर भार द्या

हाडावर भार पडला की ते घट्ट होतं. पोहणं आणि सायकल हृदयाला उत्तम, पण त्यात हाडावर भार येत नाही. चालणं ठीक, पण नुसत्या चालण्याने फार फरक पडत नाही. सोबत ताकदीचा व्यायाम हवा, आठवड्यातून दोन-तीन दिवस, एका आड एक.

सुरुवात अशी करा. हात न टेकता खुर्चीवरून उठणं-बसणं १० वेळा, मध्ये मिनिटभर थांबून तीन फेऱ्या. भिंतीला हात लावून भिंतीवरचे जोर १० वेळा, दोन फेऱ्या. ओट्याला धरून टाचा उचलून हळू खाली आणणं १५ वेळा. ओट्याजवळच एका पायावर १० ते २० सेकंद उभं राहणं, दोन्ही पायांनी. तीन-चार आठवड्यांत सोपं वाटू लागलं की दोन्ही हातांत पाण्याची एकेक लिटरची भरलेली बाटली धरा, म्हणजे एकेक किलो. तरुणांनी अर्ध्या बैठका, मग पूर्ण बैठका घालाव्यात. तालमीच्या या गावात ते शिकवणारं कुणीतरी गल्लीत नक्की सापडतं.

मणका दबलेला असेल किंवा टी-स्कोअर (हाडांच्या घनतेचा आकडा, पायरी ७ बघा) फार खाली असेल तर पुढे वाकायचे प्रकार नकोत. सूर्यनमस्कारातलं खाली वाकणं, जमिनीवरची घागर पाठीतून वाकून उचलणं, दोन्ही बंद. गुडघे वाकवायचे, वस्तू पोटाजवळ घ्यायची, मग उठायचं.

पायरी ७: डेक्सा कुणी आणि कधी

हाडांची घनता मोजायची खरी तपासणी म्हणजे डेक्सा. खुबा आणि कंबरेचे मणके यांची अगदी कमी किरणांत प्रतिमा घेतात, दहा-पंधरा मिनिटांत होतं, सुई नाही, बोगदा नाही. पन्नाशी ओलांडलेले पुरुष, पाळी गेलेल्या बायका, साध्या पडण्याने हाड मोडलेले आणि दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेले यांनी करावी. तिशीतल्या, जोखीम नसलेल्या माणसाने पैसे घालवू नयेत. ते दूध-अंड्यांवर खर्च करा.

टी-स्कोअर उणे १ किंवा त्याच्या वर असेल तर ठीक. उणे १ ते उणे २.५ मध्ये हाड विरळ व्हायला लागलेलं. उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस. पन्नाशीच्या आतल्यांचा टी-स्कोअर न बघता झेड-स्कोअर, म्हणजे त्याच वयाच्या माणसांशी केलेली तुलना, बघतात. पुन्हा तपासणी साधारण दोन वर्षांनी आणि शक्यतो त्याच यंत्रावर. यंत्र बदललं की आकडे जुळत नाहीत. मोफत शिबिरात टाच ठेवून जे मोजतात ते अल्ट्रासाउंड आहे. त्यावरून ऑस्टिओपोरोसिस ठरवता येत नाही आणि महिन्याचं औषध तर मुळीच घेऊ नये.

दुखणं आलं तर

सगळं दुखणं झिजेचं नसतं. पाठीत एकाच जागी दुखतं, रात्री वाढतं, संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन उतरतंय, असं असेल तर आधी मणक्याचा टीबी नाही ना ते बघायचं. पायांत बधिरपणा आला किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा. जांघेत दुखतं, मांडी घालून बसताना कळ येते, लंगडायला होतं, तर खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा थांबलेला असू शकतो. एचआयव्ही असलेल्यांत, विशेषतः स्टेरॉइड किंवा दारूची पार्श्वभूमी असेल तर, हे जास्त दिसतं. सुरुवातीला एक्स-रे साफ येतो. एमआरआयमध्येच कळतं. अशा पाठीवर किंवा खुब्यावर मालिश करून घेऊ नका, हाड बसवणाऱ्याकडेही जाऊ नका.

मेडिकलमधून डायक्लोफिनॅकची पट्टी आणून रोज घेणं टेनोफोविरवाल्यांसाठी धोक्याचं आहे, दोन्ही मिळून किडनीवर ताण येतो. साध्या दुखण्यावर पॅरासिटामॉल घ्या. नाव-गाव नसलेल्या, सांधेदुखीवर दोन दिवसांत जादू करणाऱ्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं, त्यांच्या वाऱ्यालाही उभे राहू नका.

दुसऱ्या टप्प्याच्या औषधांत ज्यांना रिटोनाविर आहे त्यांनी आणखी एक लक्षात ठेवायचं. रिटोनाविर स्टेरॉइडला शरीरात साठवून ठेवतं. सांध्यात दिलेलं ट्रायामसिनोलोनचं एक इंजेक्शन किंवा दम्याचा फ्लुटिकासोनचा पंपही अंगभर स्टेरॉइडसारखा काम करू लागतो: चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं झिजतात. म्हणून हाडांच्या डॉक्टरांना आपली औषधं दाखवायलाच हवीत. सीपीआरच्या (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाच्या) एआरटी सेंटरमध्ये नाव असेल तर त्याच रुग्णालयात अस्थिरोग विभाग आहे, चिठ्ठी घेऊन जा. खाजगीत जाताना सेंटरचं पुस्तक सोबत ठेवा. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार तुमची माहिती गुप्त ठेवणं दवाखान्यावर बंधनकारक आहे आणि एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. अडचण आली तर १०९७ वर फोन करा, तो मोफत आहे.

पडू नये म्हणून

मोडणारी बहुतेक हाडं पडल्यामुळे मोडतात. न्हाणीतली शेवाळलेली फरशी आठवड्याला खराट्याने घासा, आत-बाहेर जाताना धरायला दांडी ठोकून घ्या, रात्री संडासच्या वाटेवर दिवा ठेवा. कोल्हापुरी चप्पल कोरड्यात राजासारखी, पण पावसात भिजलेला गुळगुळीत चामड्याचा तळ घाटाच्या दगडी पायऱ्यांवर हमखास सटकतो. पावसाळ्याचे चार महिने खाचांचा रबरी तळ असलेली घाला. पंधरा-वीस वर्षांपूर्वी स्टॅव्ह्युडिन घेतलेल्या जुन्या मंडळींच्या तळव्यांना अजून बधिरपणा असतो. जमीन नीट कळत नाही, त्यांनी अंधारात अनवाणी चालू नये.

हाड मोडलंच, तर

दवाखान्यात दाखल होताना टीएलडीची बाटली बरोबर न्या आणि नेहमीच्या वेळी घेत राहा. ऑपरेशनच्या दिवशी उपाशी ठेवतात तेव्हा गोळी घोटभर पाण्यासोबत घ्यायची की नंतर, हे भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशीच विचारा. वॉर्डात कॅल्शियमची गोळी आणि वेदनाशामक इंजेक्शन आपोआप सुरू होतं. कॅल्शियमची वेळ टीएलडीपासून लांब ठेवायला सांगा आणि आपण टेनोफोविरवर आहोत हे इंजेक्शन देण्याआधी सांगा.

प्लेट बसवून घरी पाठवलं म्हणजे उपचार संपले नाहीत. साध्या पडण्याने मोडलेलं हाड म्हणजे पुढचंही मोडू शकतं. डिस्चार्जच्या वेळी ऑस्टिओपोरोसिसच्या औषधाबद्दल स्वतःहून विचारा. नेहमी दिलं जातं ते अलेन्ड्रोनेट ७० मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा: सकाळी उठल्याबरोबर, उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहाही घ्यायचा नाही. गोळी अन्ननलिकेत अडकली तर व्रण होतो. दुसरा पर्याय वर्षातून एकदा शिरेतून झोलेड्रोनिक ॲसिड ५ मिलिग्रॅम. दोन्हींच्या आधी तीन गोष्टी बघून घ्यायच्या: ड जीवनसत्त्व भरून काढलं आहे, पायरी २ मधला किडनीचा आकडा ३५ च्या वर आहे, आणि काढायचे दात काढून झाले आहेत. टेनोफोविरमुळे फॉस्फेट वाहून हाड मऊ पडलं असेल तर ही औषधं द्यायची नसतात. तिथे आधी टेनोफोविर बदलून फॉस्फेट भरून काढावं लागतं, म्हणून फॉस्फेटची तपासणी झाल्याशिवाय पहिला डोस घेऊ नका.